भिरंड लावण्याआधी: नर, मादी आणि कलमाची उभी काडी

आमच्या परसात विहिरीमागे एक भिरंड, म्हणजे कोकमाचं झाड, होतं. सरळसोट खोड, खाली झुकलेल्या फांद्या, लांबून पाहिलं तर अर्धवट मिटलेल्या छत्रीसारखं. दर हिवाळ्यात ते फुलायचं. मे महिन्यात वाटेपलीकडच्या झाडाखाली लाल-जांभळ्या फळांचा सडा पडायचा आणि आमच्या झाडाखाली एकही फळ नसायचं. सासूबाईंनी त्याला शेण घातलं, बुंध्याशी मासळी धुतलेलं पाणी ओतलं, पंधरा वर्षं वाट पाहिली. शेवटी नारळ काढायला आलेल्या पाडेल्याने मान वर करून एकदा बघितलं आणि म्हणाला, "तो दादलो गे बाय, फळचो ना."

दादलो म्हणजे पुरुष. त्याच आठवड्यात झाड तोडलं आणि जळणाला गेलं. ते तोडायची काहीच गरज नव्हती, हे मला पुढे बऱ्याच वर्षांनी कळलं. तोवर आमच्या वाड्यावर अशी आणखी तीन-चार झाडं 'वांझ' म्हणून तोडून झाली होती. हा शब्द बाईला लावू नये तसा झाडालाही लावू नये असं मला मनापासून वाटतं. भिरंडाच्या बाबतीत तर तो साफ चुकीचाही आहे. हे झाड लावायचं असेल, त्याची फळं खायची असतील, तर त्याच्या घरातली ही एक गोष्ट आधी समजून घ्यावी लागते. बाकी त्याच्यासारखं सोशिक झाड नाही.

गोव्याबाहेरच्या वाचकांसाठी नावांचा गुंता आधी सोडवते. आम्ही ज्याला भिरंड म्हणतो तोच रत्नागिरी-सिंधुदुर्गातला रातांबा. त्याची वाळवलेली साल म्हणजे आमची सोलां आणि तुमची आमसुलं. बाजारात, बाटलीवर, सरकारी कागदावर या सगळ्याला मिळून कोकम. शास्त्रीय नाव गार्सिनिया इंडिका. मँगोस्टीन हे त्याचं दूरदेशीचं भावंड, तेही गार्सिनियाच. हे नाव ऐकलं की आम्हा गोंयकारांना पणजीतली गार्सिया द ओर्ताच्या नावाची बाग आठवते आणि झाडाचं नावही त्याच्यावरूनच पडलं असणार असं वाटतं. तसं नाही. ते नाव लिनियसने 18व्या शतकातल्या लॉरां गार्सँ या वनस्पतिशास्त्रज्ञाच्या स्मरणार्थ दिलं. पण ओर्ताचा आणि भिरंडाचा संबंध आहेच. हा पोर्तुगीज वैद्य गोव्यात राहिला, इथेच वारला, आणि 1563 साली गोव्यातच छापलेल्या त्याच्या औषधी द्रव्यांवरच्या ग्रंथात हे आंबट फळ 'ब्रिंदांव' या नावाने आलं आहे. आमच्या भिरंडाचंच ते पोर्तुगीज तोंडातलं रूप.

आता मुख्य गोष्ट.

जास्वंदीचं फूल हातात घेतलं तर त्याच एका फुलात परागकणांची पिवळी पूड असते आणि टोकाला ती पूड झेलणारे लाल ठिपकेही असतात. नर-मादी एकाच फुलात. माडाच्या पोयीत नर फुलं वेगळी आणि मादी फुलं वेगळी, पण दोन्ही एकाच माडावर. म्हणून कुठलाही माड लावा, नारळ धरतातच. तिसरा प्रकार पपईचा. तिथे नर झाड वेगळं, मादी झाड वेगळं. कुळागर, म्हणजे पोफळी-मसाल्यांची बाग, असलेल्यांना याच प्रकारचं दुसरं उदाहरण रोज डोळ्यांसमोर दिसतं, ते जायफळाचं. भिरंड या तिसऱ्या प्रकारातलं. काही झाडांवर दोन्ही गुणांची फुलं सापडतात, पण तो अपवाद. साधारणपणे नर झाड फुलतं, पराग देतं, आणि त्याचं काम तिथे संपतं. मादी झाडावरच्या फुलांना पराग मिळाला की फळ धरतं.

पपईत हे लवकर कळतं. लावल्यापासून पाच-सहा महिन्यांत फुलं येतात, नर निघालं तर उपटून दुसरी लावता येते. भिरंड बीपासून वाढवलं तर पहिलं फूल दिसायलाच सात-आठ वर्षं लागतात. तोवर पान, खोड, उंची, फांद्यांची ठेवण, काहीही बघून नर की मादी ते सांगता येत नाही. रुंद पानांची ती मादी, असं छातीठोक सांगणारे भेटतात. त्यांच्यावर आठ वर्षं लावू नका.

बीपासून उगवलेल्या रोपांत नर आणि मादी साधारण निम्मे-निम्मे निघतात. म्हणजे एक रोप लावलं तर नाणं उडवल्यासारखं. दोन लावली तर दोन्ही नर निघण्याची शक्यता चारात एक. तीन लावली तर आठात एक. आणि मादी निघाली तरी ती आईसारखीच निघेल असं नाही. एकीचं फळ लिंबाएवढं आणि जाड सालीचं, दुसरीचं सुपारीएवढं. एकीची फळं एप्रिलअखेर पिकतात, दुसरीची जूनच्या पावसात सापडून कुजतात. गोव्यात हा शेवटचा फरक सगळ्यात महत्त्वाचा, कारण जूनच्या पहिल्या आठवड्यात पाऊस आला की उन्हात घातलेली सोलां घरात घ्यावी लागतात आणि तिथे त्यांना बुरशी धरते.

आता फूल ओळखू या. नोव्हेंबर-डिसेंबरपासून कोवळ्या फांद्यांच्या टोकाशी आणि पानांच्या बगलेत वाटाण्याएवढ्या गोल कळ्या दिसतात. झाड नर असेल तर त्या घोसाने येतात, एका जागी चार-पाच, कधी जास्त. फूल छोटं, पाकळ्या चार, जाडसर, पिवळट आणि किंचित गुलाबी. ते उघडून मध्ये बघा. मधोमध बारीक पुंकेसरांची दाट गोळी दिसेल, टाचण्यांची डोकी एकत्र दाबून बसवल्यासारखी. मादी फूल बहुतेक एकेकटं असतं, फार तर दोन-तीन. त्याच्या मधोमध केसरांची गोळी नसते. तिथे एक चिमुकला हिरवा गोळा असतो आणि त्याच्या डोक्यावर खाचा पडलेली चपटी टोपी. तो गोळा म्हणजे उद्याचं भिरंड. मेमध्ये पिकलेलं फळ हातात घ्याल तेव्हा देठाशी फुलाबाहेरच्या चार जाड दलांची (निदलांची) बैठक आणि दुसऱ्या टोकाला त्या टोपीची सुकलेली खूण दोन्ही सापडतील. फूल एकदा असं बघितलं की पुढे जमिनीवर उभं राहूनही ओळखता येतं. घोस असेल तर नर, सुटं असेल तर मादी. आमच्या विहिरीमागच्या झाडाखाली दर जानेवारीत घोसातल्या फुलांचा पिवळा थर पडायचा. आम्ही तो झाडून टाकायचो.

मग उपाय काय? कलम. जिची फळं खाऊन पाहिली आहेत अशा मादी झाडाची काडी घ्यायची आणि बीच्या रोपावर बसवायची. खालचं रोप म्हणजे खुंट, ते नर असो की मादी, फरक पडत नाही. वर वाढतं ते काडीचं झाड, म्हणजे त्या ओळखीच्या मादीचाच पुढचा भाग. तीच जाडी, तीच आंबटाई, तोच पिकण्याचा काळ. शिवाय फळ चार-पाच वर्षांत सुरू होतं, कारण काडी वयात आलेल्या झाडाची असते. खुंटाचा कोवळा शेंडा कापून मध्ये उभी चीर द्यायची, काडीचं टोक पाचरीसारखं तासून त्या चिरेत बसवायचं, प्लॅस्टिकच्या पट्टीने घट्ट बांधायचं आणि वर लांबट पिशवीची टोपी घालून आतला ओलावा टिकवायचा. याला मृदुकाष्ठ कलम म्हणतात. काडी घेण्याआधी काही दिवस झाडावरच तिची पानं देठ ठेवून कापतात, म्हणजे डोळे फुगून तयार होतात.

पण कलमातही एक मेख आहे आणि ती नर्सरीत बहुतेकांना कोणी सांगत नाही. भिरंडाला दोन स्वभावांच्या फांद्या असतात. मधला शेंडा आणि त्याच्यासारखे सरळ वर जाणारे धुमारे या उभ्या फांद्या. खोडातून चहूकडे निघून खाली झुकणाऱ्या त्या आडव्या. आडव्या फांदीची काडी कापून दुसऱ्या मुळांवर बसवली तरी ती आपला स्वभाव सोडत नाही. जमिनीपासून दोन फुटांवर असली तरी तिच्या लेखी ती अजून आईच्या खोडाची बाजूची फांदीच असते, म्हणून ती आडवीच वाढत राहते. बांबू लावून बांधा, थोडी उचलते आणि पुन्हा लवंडते. असं झाड फळतं, नाही असं नाही. पण जमिनीवर लोळतं, तळाची फळं चिखलात जातात, सरळ खोडाचं डौलदार झाड कधी होत नाही. जायफळाच्या कलमांचंही हेच. गंमत अशी की एका झाडावर आडव्या फांद्या शेकड्यांनी असतात आणि उभे धुमारे मोजके. म्हणून घाईत बांधलेली कलमं आडव्या काडीची निघतात. चांगले कलमवाले मादी झाडाचा शेंडा मुद्दाम छाटतात. मग उभे धुमारे जास्त फुटतात.

नर्सरीत गेलात तर विचारायच्या गोष्टी याच: हे बीचं रोप की कलम, काडी कुठल्या मादीची आणि तिची फळं पावसाआधी पिकतात का, काडी उभी होती का. पहिल्या प्रश्नाचं उत्तर ऐकू नका, बघा. मातीपासून वीतभर उंचीवर जोड दिसला पाहिजे, तिथे खोडाचा रंग आणि जाडी किंचित बदलते. तिसऱ्याचं उत्तरही रोपच देतं. उभ्या काडीच्या कलमाला पानांच्या जोड्या चहूबाजूंनी येतात आणि शेंडा आकाशाकडे असतो. आडव्याची पानं चपट्या पंख्यासारखी एकाच पातळीत पसरतात. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने कोकण अमृता आणि कोकण हातीस अशा दोन जाती निवडल्या आहेत. त्यांची कलमं मिळाली तर उत्तम. जुने गोवे इथल्या केंद्रीय किनारी कृषी संशोधन संस्थेतही भिरंडावर काम होतं, तिथे चौकशी करावी.

आमच्याकडे पुढे काय झालं ते सांगते, कारण त्यात आणखी एक धडा आहे. जुनं झाड तोडल्यावर आम्ही एका नर्सरीतून कलम आणून त्याच जागी लावलं. दुसऱ्या पावसात कोणाची तरी बकरी आत शिरली आणि तिने वरचा भाग खाल्ला. श्रावणात बुंध्यातून जोमदार धुमारा आला. आम्हाला आनंद झाला, कलम जगलं म्हणून कुंपण घातलं, पाणी घातलं, वाढवलं. आठव्या वर्षी फुलं आली. घोसाने. धुमारा जोडाच्या खालून, म्हणजे खुंटातून आला होता. कलम बकरीबरोबरच गेलं होतं आणि आम्ही इतकी वर्षं बीचं झाड वाढवत होतो. म्हणून सांगते, जोडाखालून फुटणारा प्रत्येक कोंब नखाएवढा असतानाच खुडा. पहिली दोन-तीन वर्षं दर महिन्याला वाकून बघा. खुंटाचा कोंब कलमापेक्षा नेहमीच जोमाने वाढतो, त्याला मोकळं सोडलं तर तो काडीला उपाशी मारतो.

लावणीत फार काही नाही. जून-जुलैत, पाऊस धरला की. दीड-दोन फूट लांब-रुंद-खोल खड्डा. आपल्याकडे जांभ्याचा दगड लागतो, तो फोडूनच खड्डा करा, कारण आत वाटी राहिली तर पाणी साचतं. वरची माती, कुजलेलं शेणखत, पालापाचोळा भरा. झाड पुढे तीस-चाळीस फूट उंच जाऊ शकतं, म्हणून दुसऱ्या झाडापासून वीस फूट अंतर ठेवा. हे मुळात पश्चिम घाटातल्या सदाहरित रानातलं झाड, मोठ्या झाडांच्या सावलीत वाढलेलं, त्यामुळे लहानपणी थोडी सावली त्याला आवडते. पोफळीच्या झावळ्यांचा आडोसा पहिल्या उन्हाळ्यात पुरतो. पहिले दोन-तीन उन्हाळे आठवड्यातून दोनदा पाणी. नंतर ते तुमच्याकडे काही मागत नाही. नवी पालवी तांबूस, रेशमी येते. निव्वळ तेवढ्यासाठीही ते अंगणात असावं. रानातलं त्याचं अस्तित्व मात्र धोक्यात आहे, आंतरराष्ट्रीय यादीत ते असुरक्षित जातींत नोंदलेलं आहे.

मादी कलम लावलं तर नराचं काय? आसपास, कुळागरांत, डोंगरावर भिरंडं असतील तर पराग मिळण्याची सोय बहुधा असतेच. शहरातल्या एकट्या बंगल्याच्या आवारात मात्र विचार करावा लागतो. बागायतदार साधारण दहा मादींमागे एक नर ठेवतात. एकच झाड लावायला जागा असेल तर त्याच मादीच्या एका फांदीवर नराची काडी बांधून घेता येते.

आणि याच्या उलटही करता येतं. नर झाड आहे म्हणून तोडू नका. ते कमरेएवढ्या उंचीवर छाटा, बुंध्यातून कोवळे फुटवे येऊ द्या, आणि त्या फुटव्यांवर मादीच्या काड्या बांधून घ्या. मुळं जुनी, खोल गेलेली, त्यामुळे वाढ झपाट्याने होते. काम जाणकार हाताचं आहे, पहिल्या खेपेला सगळ्या काड्या जगत नाहीत. आमच्या बकरीवाल्या झाडावर आम्ही हेच केलं. डिचोलीहून कलमं बांधणारा माणूस आला, वाटेपलीकडच्या त्या सडा घालणाऱ्या झाडाचे उभे धुमारे आणले, सात फुटव्यांवर बांधले, पाच जगले. एक जुनी फांदी तशीच राखली, नराची. विहिरीमागच्या पहिल्या झाडाचंही हे होऊ शकलं असतं. ते आठवून अजून वाईट वाटतं.

आता फळ. भिरंड आंब्यासारखं चोखून खायचं फळ नाही. मुलं खातात. टोपी उपटून बोटाने दाबलं की आतून पांढरट-गुलाबी गरात गुंडाळलेल्या पाच ते आठ बिया बाहेर येतात, गर आंबट-गोड असतो, दात आंबतात. पण भिरंडाचं खरं धन साल. ती वजनाने साधारण निम्मी असते, आणि वर्षभर टिकते.

सोलां करायची आमच्याकडची रीत अशी. पूर्ण पिकलेली, गडद झालेली फळं धुऊन पुसून घ्यायची, अर्धी चिरायची, बिया-गर एका बरणीत आणि साली सुपात. बिया-गरावर मीठ घालायचं, पाच वाट्यांना एक वाटी. दुसऱ्या दिवशी बरणीत लाल रस सुटलेला असतो. मीठ गरातलं पाणी बाहेर ओढतं आणि त्याबरोबर आंबटपणा येतो. एव्हाना साली एका उन्हात कोमेजलेल्या असतात. त्या या रसात बुडवायच्या, निथळून पुन्हा उन्हात. संध्याकाळी आत, सकाळी पुन्हा रस, पुन्हा ऊन. असे चार-पाच फेरे. प्रत्येक फेऱ्यात ऊन फक्त पाणी नेतं, आम्ल आणि रंग मागे राहतो, आणि रसातून नवा थर चढतो. शेवटी साली काळपट, चिवट, चामड्यासारख्या होतात, मोडत नाहीत, वळतात. बाजारातली कोरडी, तांबडी, कुरकुरीत सोलां म्हणजे एका फेऱ्यात उरकलेली. आठ-दहा दिवसांचं कडक ऊन याला लागतं, म्हणून हे मेचं काम, पुरुमेंताचं. पुरुमेंत म्हणजे पावसाळ्याची बेगमी: सुकी मासळी, मिरची, कांद्याच्या माळा, सोलां. बरणीत उरलेला रस गाळून बाटलीत भरला की ते आगळ.

सरबतासाठी ताज्या सालींच्या वाट्यांत दुप्पट साखर भरून काचेच्या बरणीत आठवडाभर उन्हात ठेवायचं. साखर मिठाचंच काम करते, पाणी ओढते. मात्र तयार झालेलं सरबत उन्हात राहू देऊ नका. त्याचा लाल रंग अँथोसायनिन या रंगद्रव्यांचा, जांभळात असतो तोच वर्ग. प्रकाश आणि उष्णता लागत राहिली की ती मोडतात आणि सरबत तपकिरी होतं. हीच रंगद्रव्यं आम्लात लाल दिसतात आणि अल्कलीत निळसर. सोलांची वाटी साबणाने घासताना बोटांखालचा लाल डाग क्षणात निळा-काळा होतो, तो याचमुळे. सोलकढी नारळाच्या दुधाने गुलाबी होते, कारण दूध पांढरं आहे आणि आंबटपणाही थोडा उतरवतं. ती विस्तवावर ठेवू नका. आम्ल आणि उष्णता एकत्र आली की नारळाचं दूध फाटतं. गरमच हवी असेल तर आमची फुटी कढी करा, नारळाशिवायची: सोलांचं पाणी, लसूण, हिरवी मिरची, हिंगाची फोडणी.

बांगड्याच्या हुमणात, म्हणजे कालवणात, तिरफळांबरोबर सोलां पडतात ती फक्त आंबटाईसाठी नव्हेत. मासळीचा वास ज्या अमाइन नावाच्या संयुगांचा असतो ती आम्लाशी बांधली जातात आणि हवेत उडू शकत नाहीत, म्हणून वास दबतो. वरणात किंवा कडधान्यात मात्र सोलां शेवटी घाला. आधी घातली तर आम्लामुळे दाणा शिजत नाही, आणि मग आपण डाळीला नावं ठेवतो. तांब्या-पितळेच्या किंवा अॅल्युमिनियमच्या भांड्यात सोलांचं काही ठेवू नये. हे आम्ल धातू खातं.

बिया फेकू नका. आमच्याकडे त्या धुऊन, वाळवून, फोडून पाण्यात उकळायच्या आणि वर आलेली चरबी निवल्यावर गोळा करायची. ते भिरंडेल. तेल म्हणतात खरं, पण गोव्याच्या हवेतही ते मेणासारखं घट्ट राहतं, कारण वितळायला साधारण शरीराइतकी ऊब लागते. टाचेच्या भेगेवर घासलं की हळूहळू मऊ होतं आणि भेगेत भरून बसतं, ओघळत नाही. सासूबाई ते पोह्याच्या लाडवाएवढे गोळे करून ठेवायच्या. कोकोच्या लोण्याशी त्याचं इतकं साम्य आहे की युरोपीय संघाच्या 2000 सालच्या चॉकलेटविषयक नियमात, चॉकलेटमध्ये 5 टक्क्यांपर्यंत ज्या सहा वनस्पतिजन्य चरबी चालतात, त्यांत कोकम आहे.

एक कळकळीची सूचना. सालीत हायड्रॉक्सिसिट्रिक नावाचं आम्ल असतं आणि त्याच्या जोरावर गार्सिनियाच्या गोळ्या वजन उतरवायला म्हणून विकल्या जातात. त्या बहुधा भिरंडाच्या एका भावंडापासून केलेल्या असतात. 1998 साली प्रसिद्ध झालेल्या 12 आठवड्यांच्या एका चाचणीत ते घेणाऱ्यांत आणि नुसती खोटी गोळी घेणाऱ्यांत वजनाचा म्हणावा असा फरक दिसला नाही, आणि अशा पूरक गोळ्यांनी यकृताला इजा झाल्याच्या नोंदीही आहेत. सोलकढी प्या, ती चवीसाठी आणि उन्हाळ्यासाठी उत्तम आहे. गोळ्यांच्या नादी लागू नका. आणि रक्तदाब असेल तर आगळ जपून. त्यात मीठ भरपूर असतं.

मागच्या मेमध्ये आमच्या बांधलेल्या झाडाला पहिली फळं धरली. सतरा. त्यातली पाच मुलांनी झाडाखालीच खाल्ली. बारांच्या चोवीस वाट्या सुपात घातल्या. इतकी थोडी सोलां घालताना सासूबाईंनी पूर्वी कधी पाहिली नसतील, पण राखणीला त्या स्वतः खुर्ची टाकून बसल्या. बिया मात्र या वर्षी भिरंडेलाला दिल्या नाहीत. भिरंडाची बी वाळली की मरते, म्हणून त्याच संध्याकाळी गर धुऊन मातीच्या पिशव्यांत पेरल्या आणि पिशव्या विहिरीच्या सावलीत ओळीने मांडल्या. त्यातल्या चाळीसेक उगवल्यात. दीडेक वर्षात पेन्सिलीएवढ्या जाड होतील. वाटेपलीकडच्या झाडाचा शेंडा गणेश चतुर्थीनंतर छाटू द्यायला त्या घरच्या काकी कबूल झाल्या आहेत.